आसन क्रमांक बावीसचे दोन तळहात

ऐका. यात अब्रू फक्त माझी जाणार आहे, तेव्हा तुम्ही निवांत बसा. मी एका मुलीला कॉपी करताना पकडलं होतं. पुराव्यासकट पकडलं होतं! आणि मग त्या पुराव्यानं माझी जी फजिती केली, ती शत्रूवरसुद्धा येऊ नये.

पण आधी मी कसा माणूस आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी थापा मारतोय. मी शेलूबाजारजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. लग्न झालेलं नाही. घरात बहीण नाही. आणि नियमांची मला भारी आवड. औषधाच्या बाटलीवर ‘हलवून घ्या’ लिहिलेलं असलं की मी दोन मिनिटं घड्याळ लावून हलवतो. आमची आई सगळ्या गावाला सांगत फिरते, “ह्याले भूक बी टाइमटेबल पाहून लागते, बाई!”

तर अशा माणसाला उन्हाळी परीक्षेत पहिल्यांदाच पर्यवेक्षकाची ड्युटी लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नवीन शर्ट शिवला. तुम्ही हसताय, पण खरंच शिवला.

आमचे केंद्रप्रमुख म्हणजे कादर सर. कॉमर्सचे. वाशीमला घरचं कापडाचं दुकान, तीन मुली, तिन्ही सासरी सुखी, आणि स्वतः निवृत्तीला टेकलेले. परीक्षेच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून ‘गैरप्रकार अहवाल’ नावाचा कोरा फॉर्म दाखवला.

“पाहा भौ,” सर म्हणाले, “मागच्या साली एका सरनं या फॉर्मवर काय लिहिलं, माहीत हाय? ‘पोट्टा कॉपी करत होता.’ बस! कोणता पोट्टा, कायची कॉपी, कोठी लपवली, काही नाई! विद्यापीठानं वापस पाठवला. यावेळी सविस्तर लिहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राह्यलं पायजे.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. मी ‘चित्र’ हा शब्द वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

दिवस शनिवारचा. बी.ए. अंतिम वर्षाचा राज्यशास्त्राचा शेवटचा पेपर. खोली क्रमांक चार, तीस विद्यार्थी, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि आत एक कूलर, ज्यातून वारा कमी आणि आवाजच जास्त येत होता. मी पहिला तास नुसता फेऱ्या मारत होतो. कोणी कॉपी करेना. सांगायला लाज वाटते, पण मी थोडा हिरमुसलो होतो.

आणि मग मला दिसली आसन क्रमांक बावीस. प्रज्ञा तिचं नाव. वर्गात कधी तोंड न उघडणारी, हुशार मुलगी. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती. ती चार ओळी लिहायची, थांबायची, तळहात उघडून बघायची, आणि गालात हसून परत लिहायला लागायची. पुन्हा चार ओळी, पुन्हा तळहात, पुन्हा हसू.

आता मला सांगा, राज्यशास्त्राच्या पेपरात हसण्यासारखं काय असतं? माझा संशय तिथंच पक्का झाला.

मी बुटांचा आवाज न करता तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. उजव्या तळहातावर अंगठ्याजवळ एक कोयरी होती. त्या कोयरीच्या पोटात, नीट बघितलं तर, चक्क अक्षर होतं. ‘वि’! तर्जनीच्या खाली एक पान होतं, त्याच्या शिरांमध्ये ‘शा’! आणि डाव्या मनगटाजवळ कमळ, त्याच्या पाकळ्यांत गुरफटलेला ‘ल’!

माझ्या अंगावर काटा आला. मी लगेच टेबलाकडं जाऊन प्रश्नपत्रिका उघडली. प्रश्न दुसरा: विधिमंडळाचे अधिकार. वि! प्रश्न तिसरा: शासनसंस्थेची अंगे. शा! प्रश्न पाचवा: लवचीक व ताठर राज्यघटनेतील फरक. ल! आता आणखी काय पाहिजे होतं? हे काही साधं प्रकरण नव्हतं. पेपर आधीच कळल्याशिवाय कोण असं लिहील?

मी तिच्या बेंचपाशी गेलो आणि माझा खास सरकारी आवाज काढला.

“हातावर काय लिहिलं आहे?”

ती दचकली. दोन्ही मुठी घट्ट मिटल्या. “काई नाई सर. मेंदी हाय.”

“मेंदीत अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ सांग.”

ती लाल झाली. “थे सांगता येत नाई, सर.”

“का सांगता येत नाही?”

“कोनालेच सांगता येत नाई. माह्या आईले बी म्या सांगितलं नाई.”

आईपासून लपवलेलं! मी फॉर्म काढला आणि उभ्या उभ्या लिहायला सुरुवात केली. “ही अक्षरं काढली कोणी?”

“माह्या मावसबहिणीनं.”

“ती काय करते?”

“कारंज्याले कोचिंग क्लासमधी शिकवते.”

कोचिंग क्लास! आता माझ्या डोळ्यांसमोर अख्खं जाळं उभं राहिलं. कारंजा, शेलूबाजार, कोण जाणे अकोल्यापर्यंत गेलं असेल. मी म्हणालो, “हे बघ, अर्थ सांगितला नाहीस तर उत्तरपत्रिका जप्त करावी लागेल.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, उद्या सांगतो ना! उद्या दुपारी बाराले सगळ्याइच्या समोर सांगतो. आज नका विचारू. उद्या लगन हाय माहं. पेपरची तारीख बदलली म्हनून आज येऊन बसलो हळदीच्या दिवशी. हा पेपर गेला तं वर्ष जाईन, सर.”

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, लग्न म्हणाली, मेंदी म्हणाली, मग तुझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? नाही पडला! मी फॉर्मवर लिहिलं, ‘उमेदवाराने विवाहाचे कारण पुढे करून सहानुभूती मिळवण्याचा प्रयत्न केला. माहिती देण्यास एक दिवसाची मुदत मागितली.’ आणि उत्तरपत्रिका उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

आता सविस्तर नोंद करायची होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला पाहिजे होतं. आणि मी भूगोलाचा माणूस! मी काय केलं असेल?

मी तिच्या दोन्ही तळहातांचा नकाशा काढला.

थट्टा नाही करत. तिला हात बेंचवर उताणे ठेवायला लावले आणि समोर खुर्ची टाकून बसलो. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, तिला हातही न लावता, लांबूनच, दहाही बोटं, एकूण एक कोयरी, एकूण एक पान. खाली प्रमाण लिहिलं. कोपऱ्यात दिशा दाखवली. अक्षरांच्या जागी एक, दोन, तीन असे आकडे टाकून शेजारी सूची दिली: ‘१. वि – अंगठ्याच्या उंचवट्यावरील कोयरीत. २. शा – तर्जनीच्या पायथ्याशी पानात. ३. ल – डाव्या मनगटालगत कमळात, पूर्वेकडील पाकळी.’ आणि तळाशी नाव, हुद्दा, केंद्र, खोली, वेळ घालून ठसठशीत सही केली.

एवढा सुंदर नकाशा मी एम.ए.लासुद्धा काढला नव्हता. मागच्या बेंचवरच्या एका मुलानं आपणहून पट्टी पुढं केली. “घ्या सर, मनगटाची रेघ वाकडी येऊन राह्यली तुमची.” मी त्याला धन्यवादसुद्धा दिले.

वीस मिनिटं झाल्यावर प्रज्ञा अगदी बारीक आवाजात म्हणाली, “सर, दोन्ही हात तुमच्यापाशी हाय, तं पेपर कायनं लिहू?”

मुद्दा बरोबर होता. मी नियमाप्रमाणं तिला दुसरी कोरी उत्तरपत्रिका दिली. ती बिचारी डोळे पुसत पुन्हा पहिल्या प्रश्नापासून लिहायला लागली.

तेवढ्यात वानखडे मॅडम मला दहा मिनिटं सोडवायला आल्या. या आमच्या मराठीच्या मॅडम, स्वभावानं खट्याळ. मी त्यांना “बावीसवर लक्ष ठेवा, मोठं प्रकरण आहे” एवढंच कुजबुजलो आणि ऑफिसात धावलो. तिथं आमचे मोबाइल पेटीत जमा असत. मी माझा काढला, नकाशाचा फोटो घेतला आणि पर्यवेक्षकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘सावधान! मेंदीतून कॉपीचा नवा प्रकार उघडकीस. शेलूबाजार परिसरातील केंद्रावर राज्यशास्त्राच्या पेपरला सापडला. सर्वांनी हात तपासावेत. पुढे पाठवा.’

आणि लोकांनी पाठवला हो! तुम्ही कधी शिक्षकांचे ग्रुप बघितलेत का? एरवी महत्त्वाची सूचना टाका, आठ दिवस कोणी उघडत नाही. हा फोटो पाच मिनिटांत मंगरूळपीर, वाशीम, रिसोड फिरून माझ्याकडंच दुसऱ्या ग्रुपवरून परत आला. खाली अंगठ्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, ‘अभिनंदन सर, डोळ्यांत तेल घालून काम.’ कोणी विचारलं, ‘पायावरची मेंदी पण तपासायची का?’ एका केंद्रावरून तर तातडीचा निरोप, ‘आमच्याकडे एका मुलीच्या हातावर मोर सापडला आहे. राष्ट्रीय पक्षी असल्याने राज्यशास्त्राशी संबंध असू शकतो. काय करावे?’

मी उत्तर दिलं, ‘नोंद करावी.’

छाती पुढं काढून मी खोलीत परतलो, तर काय दृश्य! वानखडे मॅडम प्रज्ञाचे हात हातात घेऊन उभ्या होत्या, शेजारी कादर सर होते, आणि तिघंही हसत होते. परीक्षेच्या खोलीत! मी वेळ टिपायला घड्याळ बघितलं.

मॅडमनी मला दारापाशी ओढलं. “अवो सर, तुमाले खरंच माहीत नाई?”

“काय?”

“नवरीच्या मेंदीत नवरदेवाचं नाव लपवत असतात! लग्नात त्यानं थे सगळ्याइच्या समोर शोधायचं. सापडलं नाई तं त्याची फजिती. त्याच्या आधी नवरी जीव गेला तरी कोनाले सांगत नाई. विशाल नाव हाय तिच्या नवरदेवाचं. वि, शा, ल!”

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती कुठल्या दिशेला सरकली ते भूगोलाच्या माणसालाही कळलं नाही. विधिमंडळ गेलं, शासनसंस्था गेली, लवचीक राज्यघटना गेली. उरला फक्त विशाल.

कादर सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “माह्या तीन पोरी हायत, भाई. तिघींच्या हातावर जावयाचं नाव होतं. तुमच्या हिशेबानं माहे तिन्ही जावई कॉपीच म्हणायचे!”

खोली क्रमांक चारमधले तीसच्या तीस विद्यार्थी एवढे हसले की कूलरचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला नाही.

मी प्रज्ञाची पहिली उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी परत दिली. कादर सरांनी तिला वाया गेलेला वेळ मिनिटाला मिनिट मोजून वाढवून दिला. ती भराभर लिहीत राहिली आणि पेपर पूर्ण झाला. तिचं वर्ष वाचलं, हे बघून मला किती हलकं वाटलं, ते मी तिला बोलून दाखवू शकलो नाही. मी फक्त “माफ कर” म्हणालो. मनापासून म्हणालो.

“असू द्या, सर,” ती म्हणाली. “पन थो कागद मले द्या. आमची शर्त लागली हाय. शंभर मोजेपर्यंत त्याले नाव सापडलं, तं वर्षभर सकाळचा चहा म्या करायचा. नाई सापडलं, तं त्यानं. मले सकाळी उठाचा लय कंटाळा हाय, सर. म्हनून तं बहिणीनं इतकं लपवून काढलं.”

मी फॉर्म तिच्या हातात दिला. तिनं त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि सुटकेचा श्वास सोडला. “आता तं कोनालेच माहीत नाई ना, सर?”

ऑफिसातल्या पेटीत माझा मोबाइल त्या क्षणी गुणगुणत असणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, “नाही नाही. कोणालाच नाही.”

ती गेल्यावर मी धावत जाऊन मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला. पण पुसून काय होणार? तोवर तो एवढ्या ठिकाणी गेला होता की मला अनोळखी नंबरवरून फोन येत होते. मी मनाला समजावलं, की नवरदेव बिचारा हळद लावून बसला असेल, तो कुठं शिक्षकांचे ग्रुप बघतोय!

दुसऱ्या दिवशी वाशीमच्या मंगल कार्यालयात कादर सर, वानखडे मॅडम आणि मी लग्नाला गेलो. प्रज्ञानं पेपर सुटताना सगळ्या स्टाफला आग्रहानं बोलावलं होतं. बुद्धवंदना झाली, हार घातले, फुलं उधळली. पांढऱ्या साडीत प्रज्ञा इतकी आनंदात होती की मला वाटलं, चला, आपला मूर्खपणा निभावला. मी शेजारच्या काकांना सहज विचारलं, “नवरदेव काय करतात?”

“मास्तर हाय ना,” काका म्हणाले. “अनसिंगकडं जुनियर कॉलेजात शिकवते.”

माझ्या हातातला मठ्ठा शर्टावर सांडला. नव्या शर्टावर!

तेवढ्यात स्टेजवर मैत्रिणींनी गलका केला. नाव शोधायची वेळ झाली होती. कारंज्याची ती मावसबहीण माइक घेऊन उभी. “जिजाजी, शंभर मोजतो आमी! एक… दोन… तीन…”

विशालरावांनी प्रज्ञाचा हात धरला. अंगठा, तर्जनी, डावं मनगट. बोट ठेवत ठेवत म्हणाले, “वि. शा. आणि हा ल, पूर्वेकडील पाकळीत.”

चारसुद्धा मोजून झाले नव्हते.

नवरदेवाकडची मंडळी नाचायला लागली. प्रज्ञा मात्र त्याच्याकडं एकटक बघत होती. “पूर्वेकडील?” ती म्हणाली. “मनगटाले पूर्व-पश्चिम कवापासून आली?”

तिनं मान वळवली आणि गर्दीत मला शोधायला लागली. मी कादर सरांच्या मागं लपलो. पण ते सडपातळ आहेत.

मावसबहीण कोचिंग क्लासची. तिला अशा केसेस रोजच्या. तिनं सरळ नवरदेवाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला आणि घडी घातलेला कागद ओढून काढला. माझा नकाशा! रंगीत प्रिंट काढलेला!

“कॉपी!” ती माइकवर ओरडली. “जिजाजीजवळ कॉपी सापडली!”

सगळं कार्यालय खुर्च्यांवर उभं राहिलं. विशालराव कान पकडून हसायला लागले. “अरे, मी काहून चोरू? मले ग्रुपवर आलं! सगळे मास्तर विधिमंडळ का काय शोधून राह्यले होते, मले तं माहंच नाव दिसलं. शेलूबाजारचं केंद्र, राज्यशास्त्र… म्हटलं, हा हात तं आपल्या घरचा हाय!”

“पन तुमाले पुरवली कोनं, थे सांगा ना,” प्रज्ञा म्हणाली.

“खाली लिहेल हाय.”

प्रज्ञानं कागद हातात घेतला आणि माइकवर माझं पूर्ण नाव वाचलं. मग हुद्दा वाचला. मग केंद्र, खोली क्रमांक, वेळ अकरा वाजून बावीस मिनिटं, आणि शेवटी, “सही हाय, अगदी साफ सही.”

कादर सर बाजूला सरकले. चारशे माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली, आणि माझ्या शर्टावर मठ्ठा होता.

निकाल तिथल्या तिथं लागला. नवरदेवाचा पेपर रद्द. वर्षभर सकाळचा चहा त्यानंच करायचा. आणि कॉपी पुरवणाऱ्याला? प्रज्ञा माइकवरूनच म्हणाली, “सर, तुमी रोज सकाळी साडेपाचले याले फोन करून उठवा. हा चहा करते का नाई, याची देखरेख तुमच्याकडं. वर्षभर!”

तुम्हाला काय वाटलं, ही थट्टा होती? अहो, मी नियमाचा माणूस. गेले चार महिने रोज पहाटे उठून फोन लावतोय. पातेलं चढवल्याचा फोटो मागतो, वेळ टिपतो. आई म्हणते, “तुह्यं लगन होईन तवा तुले उठवाले कोनी लागनार नाई.”

फक्त गेल्या गुरुवारी काय झालं कोण जाणे, मला गाढ झोप लागून राहिली. सहा वाजता फोन वाजला. पलीकडून चहा उकळण्याचा आवाज, मागं प्रज्ञाचं हसणं, आणि विशालरावांचा अगदी सरकारी स्वर.

“सर, चहा तयार हाय, पन पर्यवेक्षक गैरहजर हायत. नोंद कोठी करू?”